मासे ओळखले कोणी?



गेले तीन महिने मी मुलीकडे गेर्लिंगेनला आहे. स्टुटगार्टच्या शेजारचे हे टुमदार गाव. वरच्या टेकडीवर बॉश कंपनीची मोठी कचेरी आहे, त्यामुळे आपल्याकडची, म्हणजे पुण्या-मुंबईकडची माणसे इथे अधूनमधून भेटतात. बाजारात मराठी कानावर पडले की मी थांबते. त्यांना वाटते, ही बाई गोव्याची असेल. मी म्हणते, अलिबागची, आणि बेने इस्राएल. मग पुढची दहा मिनिटे समजावण्यात जातात.

येताना पिशवीत एस्तेर डेव्हिड यांचे 'बुक ऑफ रेचल' आणले होते. पुस्तक 2006 सालचे. त्याला 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी ते पूर्वी वाचले होते, पण या वेळी नातीला वाचून दाखवायचे म्हणून पुन्हा हातात घेतले. नात सोळा वर्षांची आहे. मराठी समजते, पण उत्तर हिब्रूत देते. वाचताना तिला आपली जुनी गोष्टही सांगितली. दावीद राहाबी कोकणात आले. कोणी म्हणतात हजार वर्षांपूर्वी, कोणी म्हणतात अलीकडे. त्यांना शंका होती, हे तेली लोक खरेच इस्राएलचे का? म्हणून त्यांनी आपल्या बायकांपुढे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. राहाबींची खात्री पटली. मग त्यांनी तीन पुरुष निवडले, त्यांना धर्म शिकवला आणि त्यांची घराणी काझी झाली.

नात म्हणाली, "सफ्ता, मासे बायकांनी ओळखले. मग काझी पुरुष कसे झाले?"

आयुष्यभर ही गोष्ट मी ऐकली आणि सांगितली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. परीक्षा बायकांनी दिली आणि पदवी पुरुषांना मिळाली. आज एस्तेरबाईंच्या पुस्तकाविषयी लिहिताना हाच प्रश्न पुढे ठेवते.

कथा थोडक्यात अशी. दांडा गावात राहेल नावाची विधवा एकटी राहते. मुले इस्रायलला गेली. गावातले बाकीचे यहुदीही गेले. उरले प्रार्थनालय, ज्याला आपले जुने लोक मशीद म्हणत, आणि त्याची झाडलोट करणारी राहेल. समितीतले लोक ती जागा विकायला निघतात आणि ही बाई आडवी उभी राहते. शेवट सांगत नाही. ज्यांनी वाचले नाही त्यांनी वाचावे. पुस्तकाची खुबी अशी की प्रत्येक प्रकरणाच्या तोंडी एक पाककृती आहे. काही टीकाकारांना ही सजावट वाटेल. मला तसे वाटत नाही.

का, ते सांगते. हिब्रू नावे आपल्यात रुळण्याआधी आपण सणांना काय म्हणत होतो? रोश हशानाला नव्याचा सण. त्याच महिन्यात खिरीचा सण. तिशा बेआवला बिरड्याचा रोजा. पेसाहला अनाशी ढाकाचा सण, म्हणजे आंबटाचे मडके झाकून ठेवायचा सण. यातली किती नावे स्वयंपाकघरातून आली आहेत ते पाहा. आपल्यापाशी पोथी नव्हती, हज्जान नव्हता, हिब्रू अक्षर नव्हते. शेमा तेवढा तोंडी राहिला होता. तरी वर्षाचा हिशेब चुकला नाही, कारण वाल कधी भिजवायचे आणि मडके कधी झाकायचे हे घरातल्या बाईला ठाऊक होते. आपले पंचांग चुलीपाशी टिकले. मुशी आणि शिंगाळा आपल्या ताटात येत नाही, हे आईने मुलीला सांगितले आणि मुलीने तिच्या मुलीला. म्हणून एस्तेरबाईंनी पाककृती प्रकरणाच्या आधी ठेवल्या, हे मला अगदी योग्य वाटते. ज्या घरात ग्रंथ नव्हता, तिथे तोच ग्रंथ होता. स्त्रीच्या रोजच्या कामाला ज्ञान म्हणणारे असे पुस्तक आपल्या समाजाविषयी दुसरे मला माहीत नाही.

आता तक्रार. राहेलचे कौतुक करता करता तिला चुलीपाशीच ठेवायचे का? आपल्या समाजात बायकांची दुसरीही एक परंपरा आहे. रिबेका रूबेन यांनी 1922 पासून 1950 पर्यंत माझगावची सर एली कदूरी शाळा चालवली. डॉ. जेरुशा झिराड विलायतेत शिकून आल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि 1966 मध्ये पद्मश्री झाल्या. मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ 1913 साली उभे राहिले. आपल्या घरोघरी एखादी मावशी नर्स होती, एखादी आत्या शिक्षिका. पगार घरी आणून, पोरे वाढवून, शब्बाथचा दिवाही वेळेवर लावणाऱ्या त्या बायका कादंबरीच्या मध्यभागी फारशा येत नाहीत. एकाकी, जिद्दी, हाताला चव असलेली राहेल वाचकाला लगेच आवडते. पण आवडण्यात एक धोका असतो. राहेल आमचा वारसा सांभाळते असे म्हटले की समाज मोकळा होतो, आणि सांभाळण्याचे ओझे पुन्हा तिच्याच डोक्यावर येते. समितीत मात्र तिला खुर्ची नसते.

हे केवळ एका पुस्तकाचे नाही. मीरा महादेवन, मूळच्या मिरियम, यांनी हिंदीत 'अपना घर' लिहिले, 1961 साली. त्यांचे 'शुलमिथ' इंग्रजीत 1975 ला आले. त्यातही नवरा इस्रायलला जातो आणि बाई मागे राहते. याच मीराबाईंनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायकांच्या पोरांसाठी पाळणाघरे सुरू केली, म्हणजे त्या स्वतः काही मागे राहिलेल्या नव्हत्या. शीला रोहेकर यांची 'मिस सैम्युएल' ही 2013 ची हिंदी कादंबरी वृद्धाश्रमातल्या एकट्या स्त्रीच्या तोंडून आपली कहाणी सांगते. तिन्ही लेखिका आपल्या. तिन्हींच्या पुस्तकांत मागे उरलेली बाई आहे. आणि तिन्हींपैकी एकही पुस्तक मुळात मराठीत लिहिलेले नाही. आपल्या आयांची भाषा मराठी, पण त्यांच्या कादंबऱ्या हिंदी आणि इंग्रजीत. मराठीत कीर्तने रचली गेली, 1880 पासून. ती रचली पुरुषांनी. आज ती कीर्तने गाऊन टिकवण्यात मात्र बायका पुढे आहेत, हे आपण लोद-अश्दोदला डोळ्यांनी पाहतो.

इथे जर्मनीतही हाच प्रकार आहे. जावयाच्या कपाटात मार्टिन बुबर यांच्या लेखांचा जाडजूड ग्रंथ आहे, 1993 च्या आवृत्तीचा. जावई म्हणाले, छापल्याचे गाव पाहा. पाहिले तर गेर्लिंगेन! बुबरांचे जुने प्रकाशक लाम्बर्ट श्नायडर यांची संस्था तेव्हा या गावात होती. मला आनंद झाला. मग जावयांनी बुबरांच्या पत्नीविषयी सांगितले. पाउला बुबर स्वतः कथा लिहीत, पण छापत 'गेऑर्ग मुंक' या पुरुषी नावाने. नवऱ्याच्या हसिदी कथांच्या लिखाणातही त्यांचा हात होता, हे त्यांच्या पत्रांवरून दिसते. मुखपृष्ठावर नाव एकट्या बुबरांचे. म्हणजे मासे ओळखणारी एक आणि काझी दुसरा, हे दांड्यापुरते नाही.

मागच्या रविवारी आम्ही फ्रॉयडेन्टालला गेलो. ते याच लुडविग्सबुर्ग जिल्ह्यातले खेडे. तिथे 1770 साली बांधलेले बेत क्नेसेत आहे. 1938 मध्ये नासधूस झाली, पण शेजारची घरे पेटतील म्हणून आग लावली नाही. पुढे ते पाडायला निघाले होते. गावच्या व आसपासच्या लोकांनी एकत्र येऊन वाचवले आणि 1985 पासून तिथे शिक्षणाचे केंद्र चालते. इमारत छान ठेवली आहे. मुले येतात, ऐकतात, जातात. त्या लोकांचे उपकार मोठे आहेत. पण तिथे उभी राहून मला राहेल आठवली. इथे भिंती राहिल्या, पण शुक्रवारी दिवा लावणारी कोणी राहिली नाही; तिला मारून टाकले किंवा देशोधडीला लावले. दांड्याला निदान एक बाई होती. ती होती तोवर ते प्रार्थनालय होते, नुसती इमारत नव्हती. हा फरक एस्तेरबाईंनी न बोलता दाखवला आहे, आणि त्यासाठी मी वरची तक्रार निम्मी मागे घेते.

उरलेली निम्मी का घेत नाही? आपल्या वयाच्या वाचकांना 1962 आठवत असेल. रब्बी मंडळाने नियम काढला की बेने इस्राएलांच्या लग्नाआधी वधूवरांच्या आईची, आजीची, तिच्या आईची, जमेल तितकी मागची चौकशी करावी. 1964 मध्ये आपले लोक येरुशलायमला जाऊन बसले, क्नेसेतने आपल्या बाजूने ठराव केला, आणि आपण जिंकलो. त्या लढ्याचा मला अभिमान आहे. पण एक गोष्ट तेव्हा कोणी बोलले नाही. मागच्या आयांची नावे विचारली गेली आणि ती आपल्यापाशी नव्हती! माझ्या वडिलांच्या घराण्याचे सात पिढ्यांचे पुरुष मला पाठ आहेत, गावासकट. आईची आई आठवते. तिच्या आईचे नाव मला माहीत नाही. ती कोणत्या गावची, हेही नाही. तिने मासे ओळखले असणार, वाल भिजवले असणार, मडके झाकले असणार. तिच्यामुळे मी यहुदी आहे. धर्म आईकडून येतो म्हणतो आपण, पण वंशावळ लिहिताना बापाची लिहितो.

म्हणून 'बुक ऑफ रेचल' वाचा. इंग्रजी जमत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्या. मधेमधे आपली गोष्ट सांगता येते, तो फायदा वेगळा. पाककृती वाचून "आमच्याकडे असे करत नाहीत" असे म्हणाल, तेही चांगलेच. मात्र तेवढ्यावर थांबू नका. भगिनींनो, बिरडे कसे करायचे ते मुलींना सांगताच, त्याबरोबर ते तुम्हाला कोणी शिकवले तिचे नावही सांगा. माहेरचे गाव सांगा, ती कुठे नोकरीला होती तेही सांगा. आणि ते मराठीत एका वहीत लिहून ठेवा, मोडक्यातोडक्या का होईना. बंधूंनो, समितीच्या बैठकीत चहा कोण आणते आणि सही कोण करतो, एवढे एकदा पाहा.

नातीने परवा नवी वही आणली. पहिल्या पानावर तिने हिब्रूत स्वतःचे नाव लिहिले, खाली आईचे, खाली माझे, खाली माझ्या आईचे, मग आजीचे. त्याखाली एक ओळ रिकामी सोडली आहे. अलिबागकडच्या कोणा थोरल्या बाईला आमची माणसे आठवत असतील, तर तिने संपादकांमार्फत जरूर कळवावे. ती ओळ भरायची आहे.