‘रिसर्फेस’: पत्ता नसलेला राग

‘स्ट्रीट डान्सर थ्रीडी’मधलं (२०२०) ‘बेजुबान कब से’ तुम्ही कुठल्या तरी रीलवर ऐकलं असेलच. त्यातला एक आवाज सिद्धार्थ बसरूरचा. हाच माणूस त्याच्या नऊ वर्षं आधी मुंबईच्या ‘गॉडेस गॅग्ड’ बँडमध्ये घसा फाटेस्तोवर ओरडत होता. त्यांचा पहिला अल्बम ‘रिसर्फेस’, २०११ चा.

तेव्हा मी मालेगावात शाळेत होतो. (वाशीमचं मालेगाव. नाशिकचं नव्हे. हे आयुष्यभर सांगावं लागतं.) अल्बम हाती लागला इंजिनिअरिंगला, होस्टेलवर, एका मित्राच्या पेनड्राइव्हमधून. तोवर बँडमधले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी ‘स्कायहार्बर’मध्ये जाऊन ‘गायडिंग लाइट्स’ (२०१४) करून मोकळेही झाले होते. म्हणजे मी पोचलो तेव्हा मांडव उठला होता.

पोस्ट-हार्डकोर हा हार्डकोर पंकचाच पोरगा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, विशेषतः वॉशिंग्टन डीसीत, काही पोरांना नुसतं जोरात आणि वेगात वाजवण्याचा कंटाळा आला. राग तोच ठेवून त्यांनी मध्ये थांबायला, कुजबुजायला, ताल मोडायला सुरुवात केली. ‘फुगाझी’ ऐका, कळेल.

‘रिसर्फेस’ची खरी ताकद या थांबण्यात आहे. दोन गिटारी एकमेकींच्या वाटेत न येता विणत राहतात, आणि वर बसरूर चक्क गोड गातो. मग तोच सूर चढता चढता फाटतो. गाणं कुठे संपलं आणि किंकाळी कुठे सुरू झाली, हे नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. या प्रकारच्या बऱ्याच बँडांमध्ये गाणारा वेगळा, ओरडणारा वेगळा, स्विच दाबल्यासारखं. इथे एकाच गळ्यात दोन्ही, म्हणून ओरडणं नाटकी वाटत नाही. आमच्याकडे डव्ह्याला नाथनंगे महाराजांच्या यात्रेत पहाटेच्या भजनात असाच गळा फाटतो. पण तिथे सांभाळायला टाळकरी असतात, पुढची ओळ ते उचलतात. बसरूरला कोणी उचलत नाही.

आता तक्रार. होस्टेलवर मला शब्द अर्धेच कळायचे. इंग्रजी सुधारल्यावर पुन्हा ऐकलं, तर या रागाला पत्ताच नाही. लोकल नाही, पाऊस नाही, मुंबईची एक गल्ली नाही. निदान मला सापडली नाही. हा अल्बम कुठल्याही अमेरिकन उपनगरातून आला असता तरी चाललं असतं. त्याच शहरातल्या ‘स्क्राइब’ने ‘मार्क ऑफ तेजा’, ‘हेल मोगॅम्बो’ अशी नावं ठेवून हिंदी सिनेमाचे व्हिलन थेट मेटलमध्ये ओढले. ‘गॉडेस गॅग्ड’ला तशी थट्टा सुचत नाही. ते स्वतःला फार गंभीरपणे घेतात.

बरीच वर्षं मी हा दोष मोठा मानत होतो. मग मागच्या वर्षी आमच्या टीममधले तिघं एका सकाळच्या कॉलवर कमी झाले. मी मालेगावात, वरच्या खोलीत, म्यूटवर. मॅनेजरचं बोलून झालं, मी चॅटमध्ये ‘नोटेड’ लिहिलं आणि लॅपटॉप मिटून ‘रिसर्फेस’ लावला. तेव्हा मला मुंबईची गल्ली नको होती. वऱ्हाडीत चिडलो असतो तर खाली आईला ऐकू गेलं असतं. ऑफिसच्या इंग्रजीत चिडता येत नाही. तो बिनपत्त्याचा राग मला नेमका मापाचा झाला. अल्बमचे शब्द त्यामुळे चांगले ठरत नाहीत. ते ढोबळच आहेत, आणि मधली काही गाणी एकमेकांत मिसळून जातात. पण पुन्हा लावतो तो हाच; ‘स्क्राइब’ मी मित्रांसोबत ऐकतो.

परवा आईला ‘बेजुबान’ ऐकवलं. “हा चांगला गाते,” म्हणाली. मग त्याच माणसाचा ‘रिसर्फेस’ लावला. तिनं दोन मिनिटं नीट ऐकलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “याले कोनं मारलं रे?”