नसण्याचा पुरावा : ‘द वुमन इन केबिन टेन’ वाचताना

 

रहस्यकादंबरीवर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. आम्ही वर्गात जन्मभर एकच प्रश्न विचारत आलो : ‘हे तुला कशावरून कळलं?’ पोलीस तपासात तरी दुसरं काय असतं? डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं अग्नी असणार, हे न्यायशास्त्राचं जुनं उदाहरण. आणि चिखलात पाऊल उमटलंय, म्हणजे कुणीतरी इथून गेलंय, हे गुप्तहेराचं. दोन्ही एकाच घरातली भावंडं.

आजची कादंबरी समुद्रावरची आहे. मांडवगण फराट्यात भीमा आहे, तालुक्याला घोड आहे, समुद्र मात्र नाही. तरी ही गोष्ट इथं कळायला अडचण येऊ नये. का, ते पुढं येईलच.

रूथ वेअर या इंग्रज लेखिकेची ‘द वुमन इन केबिन टेन’ 2016 साली आली. 2025 मध्ये नेटफ्लिक्सनं तिच्यावर चित्रपट काढला, त्यात कीरा नाइटली आहे, त्यामुळे पुस्तक न वाचलेल्यांनाही नाव माहीत झालंय. आम्ही बोलणार आहोत ते पुस्तकावर, आणि रहस्य फोडून बोलणार आहोत. ज्यांना वाचायचंय त्यांनी जरा वेळ बाहेर चहा घ्यावा.

लॉरा ब्लॅकलॉक ही लंडनमधली एका प्रवासविषयक मासिकातली पत्रकार. घरात एकटी झोपलेली असताना चोर शिरतो, आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडते. अशा अवस्थेत तिला एका छोट्या, अतिश्रीमंत जहाजाच्या पहिल्या सफरीवर पाठवलं जातं. जहाजाचं नाव ‘अरोरा’, मालक लॉर्ड बुलमर, दिशा नॉर्वेची. केबिन मोजून दहा. संध्याकाळी तयार होताना लॉराला मस्कारा लागतो, म्हणून ती शेजारच्या दहा नंबरचं दार वाजवते. एक तरुण बाई दार उघडते, जरा वैतागूनच मस्कारा देते, दार लावते. एवढीच भेट. रात्री लॉराला जाग येते. शेजारच्या व्हरांड्याचं दार सरकतं, मग पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज. ती बाहेर धावते तर शेजारच्या काचेवर रक्ताचा फराटा. सुरक्षा अधिकारी येतो, दहा नंबर उघडतो. केबिन रिकामी, स्वच्छ, कुणी राहिल्याची खूणसुद्धा नाही. तिथले पाहुणे आलेच नव्हते, असं तो सांगतो. पाहुणे मोजले, कर्मचारी मोजले. सगळे जागेवर. मग मेलं कोण?

इथं आम्ही पुस्तक खाली ठेवलं आणि कुमारिल भट्टांची आठवण काढली. हसू नका. मीमांसकांमध्ये भाट्टांनी, आणि पुढे अद्वैत्यांनी, ज्ञानाच्या साधनांमध्ये एक वेगळं साधन मानलं : अनुपलब्धी. टेबलावर तांब्या नाही हे तुम्हाला कशानं कळतं? तांब्या तर दिसत नाहीये, मग ‘तांब्या नाही’ हे कुठून दिसलं? नैयायिक म्हणाले, डोळ्यांनीच कळतं. प्राभाकर म्हणाले, वेगळं साधन लागतच नाही. भाट्ट म्हणाले, न आढळणं हेच इथं ज्ञानाचं साधन आहे. शेकडो वर्षं हा वाद चालला. पण त्यातला एक बारकावा लाखमोलाचा आहे. नुसतं न आढळणं पुरत नाही. ती वस्तू तिथं असती तर आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. उजेडात टेबलावर तांब्या दिसला नाही, तर तो नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता जहाजाकडे या. ‘यादीत कुणी कमी नाही, म्हणून कुणी मेलं नाही’ हा सुरक्षा अधिकारी निल्सनचा युक्तिवाद. यादी म्हणजे त्याचं उजेडातलं टेबल. त्याच्या मते जो जहाजावर आहे तो यादीत असणारच. आणि यादीतच नसलेली बाई असेल तर? त्या बाईपुरती यादी म्हणजे अंधारी खोली. लॉराजवळ असतं काय? मस्काऱ्याची एक नळी. आणि तीही तिच्या केबिनमधून नाहीशी होते. लेखिकेनं एवढी क्षुल्लक वस्तू पुरावा म्हणून निवडली, ही आम्हाला या पुस्तकातली सर्वांत चांगली निवड वाटते. हिरा नाही, पिस्तूल नाही. बायाबायांमधली दोन मिनिटांची उसनवारी.

निल्सनबद्दल न्यायानं बोललं पाहिजे. हा माणूस मूर्ख नाही, उद्धटही नाही. तो लॉराला कर्मचाऱ्यांसमोर नेतो, ‘यातली कुणी होती का?’ असं विचारतो. आपल्याकडच्या कितीतरी तपासांत एवढंही होत नाही. पण तिनं संध्याकाळी दारू घेतली होती हे त्याला कळतं. ती मानसिक आजारावरच्या गोळ्या घेते हे कळतं. घरी चोरी झाल्याचं कळतं. आणि हे सांगणारा असतो जहाजावरचाच तिचा जुना मित्र. त्यानंतर निल्सनच्या बोलण्यातली सभ्यता तीच राहते, पण ऐकण्याची जात बदलते. आधी तो साक्षीदाराचं ऐकत होता, आता रुग्णाचं ऐकतोय. हा बदल वेअरबाईंनी एकही मोठा शब्द न वापरता दाखवलाय.

शब्दप्रमाणाच्या चर्चेत वात्स्यायनानं न्यायसूत्रांच्या भाष्यात आप्त कोण हे सांगितलंय. ज्यानं वस्तू जशी आहे तशी जाणली आणि तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. विचार करा, किती जुना माणूस! तो विचारत नाही की तू कोण, कुणाची, किती वाजता कुठं निघाली होतीस. तो विचारतो : तुला कळलं होतं का, आणि खरं सांगायचंय का. दारू प्यालेल्याचं कळणं बिघडू शकतं, हे मान्यच. पण मग तपासायचं ते कळणं. बाईचं चारित्र्य आणि तिची गोळ्यांची पाकिटं तपासून काय मिळणार? आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या किती बायकांना हा फरक कुणी समजावून सांगावा लागेल?

जाहिरातीत लॉराला ‘खमकी नायिका’ म्हणतात. कराटे वगैरे शोधायला गेलात तर निराश व्हाल. ती घाबरते, बंद जागेत तिचा श्वास कोंडतो, रडते, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवते. तिचा खमकेपणा एकाच गोष्टीत आहे. ‘मला भास झाला असेल’ असं म्हटलं की सगळं सुरळीत होणार आहे, नोकरीही टिकणार आहे. आणि ती तसं म्हणत नाही.

आपल्याकडच्या रहस्यकथेत ही बाई फारशी भेटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं आमच्या पिढीनं कंदिलाच्या उजेडात वाचलीत, आणि त्यांची टिंगल आम्हाला कधी पटली नाही. महाराष्ट्राला वाचायची सवय लावण्यात त्या पुस्तकांचा वाटा विद्यापीठांपेक्षा कमी नाही. पण तिथं शोध घेणारा बहुतेक पुरुष. बाई सापडते, वाचवली जाते, किंवा मोहात पाडते. ‘मी पाहिलंय’ एवढ्याच वाक्यावर शेवटपर्यंत उभी राहणारी बाई आम्हाला तरी विरळाच आढळली. इंग्रजीत मात्र हा धागा जुना आहे. एथेल लिना व्हाइटची 1936 ची ‘द व्हील स्पिन्स’ घ्या. हिचकॉकनं तिच्यावर 1938 मध्ये ‘द लेडी व्हॅनिशेस’ काढला. आगगाडीत एक वयस्क बाई नाहीशी होते आणि सगळे म्हणतात, अशी कुणी बाई नव्हतीच. वेअरबाईंची कादंबरी त्या घराण्यातली. फक्त आगगाडी कुठंतरी थांबते, तिला स्टेशन असतं.

आता उकल. दहा नंबरमधली बाई मेलेलीच नाही. तिचं नाव कॅरी, ती बुलमरची प्रेयसी. समुद्रात गेली ती बुलमरची बायको अॅन, धनाढ्य घरातली, कर्करोगानं खंगलेली. कॅरीनं डोकं भादरलं, भुवया काढल्या, रुमाल बांधला आणि ती अॅन म्हणून वावरली. लोक आजारी बाईच्या चेहऱ्याकडे रोखून पाहत नाहीत, संकोचानं रुमालाकडे पाहतात. म्हणून यादी पूर्ण भरली. म्हणजे पाहा, निल्सनची मोजणी बरोबर होती आणि निष्कर्ष चूक. लॉराचा निष्कर्ष, की कुणीतरी मेलंय, तो बरोबर, आणि कोण मेलंय हे चूक. जिला ती मेलेली समजून शोधत होती ती जिवंत, आणि जिला सगळे जिवंत समजून नमस्कार करत होते ती पाण्यात. रज्जुसर्पाचं उदाहरण वर्गात देऊन देऊन आम्ही कंटाळलो होतो. हे पुस्तक आधी हाती लागतं तर बरं झालं असतं.

उत्तरार्धावर आमचा आक्षेप आहे. लॉराला जहाजाच्या तळात कोंडतात, तिथं पानांमागून पानं जातात, आणि रहस्याचा मोठा भाग कॅरीच्या तोंडून कळतो. अनुमानानं चाललेली गोष्ट कबुलीजबाबावर येऊन बसते. शोध घेणारीला बसल्या जागी उत्तर मिळावं, ही रहस्यकथेतली आळशी सोय आहे. बुलमरचा बेतही फार लोकांच्या फार नेमक्या वागण्यावर टेकलेला. एक मात्र लेखिकेनं चांगलं केलंय. मधून मधून ईमेल आणि बातम्या येतात, त्यांतून कळतं की बाहेरच्या जगात आता लॉराच बेपत्ता आहे आणि एक प्रेत सापडलंय. तिची नायिका जिवंत आहे हे वाचकाला ठाऊक, आणि तिच्या माणसांना नाही. जी दुसरीच्या नसण्याची साक्ष देत होती, तीच आता न सापडणाऱ्यांत जमा.

चित्रपटात लॉराला शोधपत्रकार केलंय. निर्मात्यांना वाटलं असेल, बाई जास्त भारी होईल. आमच्या मते इथंच घोटाळा झाला. शोधपत्रकाराच्या शब्दाला आधीच वजन असतं. पुस्तकातली लॉरा जहाजाची गुळगुळीत स्तुती लिहायला आलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. तिच्या शब्दाला वजन नाही म्हणून तर तो ऐकणं ही कसोटी आहे.

समुद्रातल्या मृत्यूची गोष्टच निराळी. 1888 च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ आगबोट, लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात नाहीशी झाली. सांगाडा सापडला नाही, प्रेतं सापडली नाहीत. किती माणसं होती यावरही आकडे जुळत नाहीत. कायद्यालाही हा पेच ठाऊक आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात 108 वं कलम होतं. ज्यांच्या कानावर एरवी त्या माणसाची खबर आली असती, त्यांना सात वर्षं काही कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद ठेवलीय. आणि भाषा बघा : ‘ज्यांच्या कानावर एरवी आली असती’. ही योग्यानुपलब्धीच झाली, वकिलाच्या कोटात. आता ज्याची खबर कुणाच्याच कानावर यायची नव्हती, त्याचं काय?

नदी त्या मानानं बोलकी. पाणी फुगलेलं प्रेत वर आणतं, काठाला लावतं. पण बोलकी नदीसुद्धा सगळं सांगत नाही. दौंड तालुक्यातल्या पारगावच्या हद्दीत जानेवारी 2023 मध्ये भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह काही दिवसांत एकामागून एक मिळाले, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पहिल्यांदा सगळीकडे एकच शब्द होता, आत्महत्या. पुढं पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल केला आणि नात्यातल्याच लोकांना अटक केली. खटल्याचा निवाडा करणं कोर्टाचं काम, आमचं नाही. आम्हाला दिसतं ते एवढंच, की प्रेतं हाती असतानाही पहिली सोयीची गोष्ट किती पटकन चिकटते. मग प्रेत नसेल तिथं?

आणि यादी. या पट्ट्यात दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसं दोन, नोंद एक, उचल एक, आणि ती सहसा नवऱ्याच्या नावावर. त्या बाईनं पहाटे उठून भाकरी केल्या, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, गाडी भरली. वहीत ती कोयत्याच्या अर्ध्या पात्याएवढीही नाही. उद्या तिच्याजागी दुसरी बाई आली तर वहीतला आकडा बदलत नाही. केबिन टेनची यादी भरते तशीच हीही भरते. श्रीमंतांच्या जहाजावरची गोष्ट इथं कळायला अडचण येऊ नये, असं आम्ही सुरुवातीला म्हणालो ते यासाठी.

मागून एक ताई विचारतायत, कॅरीचं पुढं काय झालं. चांगला प्रश्न, कारण परीक्षणं तिला विसरतात. तिनं खुनाच्या कटात भाग घेतला, लॉराला कोंडलं, आणि शेवटी तिनंच सोडवलं. लॉरा तिचे कपडे घालून निसटते. म्हणजे रूप बदलण्याची तीच युक्ती तिसऱ्यांदा, या वेळी जीव वाचवायला. शेवटच्या पानांवर कॅरी जिवंत असल्याची खूण मिळते. पण लेखिका तिला कुठल्याच यादीत परत आणत नाही. जहाजाच्या यादीत ती नव्हती, मेलेल्यांतही नाही, आरोपींतही नाही. पुस्तकाचं शीर्षक जिच्यावर आहे तिला स्वतःच्या नावानं एकदाही कुठं सही करावी लागत नाही. हे लेखिकेनं मुद्दाम केलं की उरकून टाकलं, यावर आमचं मत अजून पक्कं व्हायचंय. तुमच्यातल्या कुणी वाचलं असेल तर आता बोला, माइक फिरवा.