‘निष्क्रिय’ कोणाच्या लेखी?

सिलिकोन निष्क्रिय असते, असे रसायनशास्त्राची पुस्तके सांगतात. परीक्षानळीपुरते ते खरेही आहे. हवा, पाणी, बेताची उष्णता यांना ते दाद देत नाही. याच भरवशावर १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो या शल्यविशारदांनी सिलिकोनचे पहिले स्तनरोपण बसवले. पण परीक्षानळीत कमावलेले विशेषण शरीरात तसेच्या तसे वापरावे का, याविषयी आमचे मतभेद आहेत.

रोपण बसवताच रक्तातील प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. पेशींची गाठ पडते ती या थराशी, सिलिकोनशी नव्हे. आधी पांढऱ्या पेशी येतात, मागोमाग मोठ्या भक्षक पेशी. एवढी मोठी वस्तू गिळणे त्यांना शक्य नसते. मग त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी बनतात. भक्षक पेशींनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे तंतुजनक पेशी जाग्या होतात आणि कोलॅजेन विणू लागतात. अशा रीतीने रोपणाभोवती वणासारख्या ऊतीचे वेष्टण तयार होते. ते जवळजवळ प्रत्येक स्त्रीत होते आणि पातळ, मऊ राहिले तर त्रास देत नाही. काहींमध्ये मात्र ते जाड होऊन आक्रसते, स्तन कठीण होतो, दुखतो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कर्करोगामुळे स्तन काढलेल्या आणि किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक.

प्रतिकारसंस्था म्हणजे शत्रूशी लढणारी सेना, हे वर्गातले आवडते रूपक इथे अपुरे पडते. इथे जंतू नाही, विषही नाही. पायात रुतलेला काटा शरीर पू करून बाहेर ढकलू शकते. जे ढकलता येत नाही त्याभोवती ते भिंत बांधते. भिंत बांधणे हे गवंड्याचे काम, आणि त्या कामावर देखरेख प्रतिकार-पेशींची.

वेष्टण आक्रसू नये आणि रोपण जागचे हलू नये म्हणून पुढे खडबडीत पृष्ठभागाची रोपणे निघाली. त्यांतून वेगळेच संकट उभे राहिले: वेष्टणात व भोवतीच्या द्रवात उद्भवणारा टी-पेशींचा एक विरळा कर्करोग. जुलै २०१९ पर्यंत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जगभरातील अशा ५७३ रुग्णांची नोंद होती, त्यांत ३३ मृत्यू. त्याच महिन्यात ॲलर्गन कंपनीने आपली खडबडीत रोपणे बाजारातून परत घेतली. रसायन तेच, फक्त पोत निराळा!

म्हणूनच २०२१ साली डोलोफ, लँगर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध आम्हाला मोलाचा वाटतो. निरनिराळ्या पोतांची रोपणे त्यांनी उंदीर व सशांत तपासली, मानवी ऊतीचे नमुनेही पाहिले. सरासरी सुमारे ४ मायक्रॉन खडबडीतपणा असलेल्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाच्या साधारण निम्म्या उंचसखलपणाच्या, पृष्ठभागाभोवती दाह सर्वांत कमी आढळला. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी तिथे अधिक होत्या. अगदी गुळगुळीत पृष्ठभाग सर्वांत चांगला ठरला नाही, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगण्याजोगी.

मात्र हा निबंध वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संशोधनाला पैसा एका रोपण-उत्पादक कंपनीने दिला होता, आणि ४ मायक्रॉनचा पृष्ठभाग तिच्याच मालाचा. एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण ज्यांना त्या मालात रस नाही अशांनी तो पडताळायला हवा. दुसरे, सशातील प्रयोग लवकर आटोपतो, स्त्रीच्या शरीरात वेष्टण आक्रसायला कधी काही महिने, कधी कित्येक वर्षे लागतात. दाह कमी दिसला म्हणून पुढे वेष्टण मऊ राहीलच, हे अनुमान अजून अनुमानच आहे.