लेस्टरची चिठ्ठी आणि रिबेकाचा बुरखा

गोष्ट रंगवायची तर त्यात कोणीतरी काहीतरी लपवले पाहिजे, हे आपल्या कीर्तनकारांना कादंबरीकार सांगायला येण्याआधीच ठाऊक होते. योसेफ मिसर देशाचा प्रधान झाला, दुष्काळात भाऊ धान्य मागायला आले. त्याने त्यांना ओळखले, त्यांनी त्याला ओळखले नाही. तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो आणि रडू आले की तोंड फिरवतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा योसेफच हे माहीत असते, तरी आता सांगेल, मग सांगेल म्हणून कोणी जागचे हलत नाही. एस्तेर राणीचेही तसेच. पुरीमला, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या होळीच्या सणाला, मगिल्ला वाचताना दुसऱ्याच अध्यायात कळते की मोर्दखयाच्या सांगण्यावरून तिने आपले लोक कोण, आपले कूळ कोणते, हे सांगितले नाही. राजाला अंधारात ठेवले आहे, आपल्याला नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे वाचकालाही अंधारात ठेवणे. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा रात्री दिव्याशी बसून वाचलेल्यांना हिची ओळख करून द्यायला नको. हिच्यात एक गोम आहे. रहस्य उलगडले की पुष्कळदा पुस्तकाचे काम संपते; दुसऱ्यांदा ते कोणी उघडत नाही. योसेफाची गोष्ट मात्र आपण दरवर्षी ऐकतो.

या दोन्ही तऱ्हा एकाच पुस्तकात पाहायच्या असतील तर वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' वाचावी. मुंबईच्या इंग्रजी शाळांत शिकलेल्या पुष्कळांनी तिची संक्षिप्त आवृत्ती वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांनी १९५२ चा चित्रपट तरी पाहिला असेल. त्यात यहुदी मुलीचे, रिबेकाचे, काम एलिझाबेथ टेलरने केले होते. (पुढे १९५९ मध्ये ती स्वतः यहुदी झाली. चित्रपटात मात्र नायकाच्या शेजारी उभे राहण्याचा मान दुसरीलाच.) या कादंबरीतील प्रसिद्ध शस्त्रस्पर्धा लेस्टरच्या वायव्येला असलेल्या ॲशबी गावी होते, आणि लेस्टर शहराचे नावही तिच्यात एका महत्त्वाच्या जागी येते. तिकडे आम्ही येतोच.

काळ राजा रिचर्डचा, म्हणजे साधारण ११९४. पुस्तकात जो तो वेष पालटून फिरतो. बापाने घराबाहेर काढलेला आयव्हॅन्हो यात्रेकरूच्या झग्यात बापाच्याच घरी येऊन जेवतो. पुढे तो तोंडावर लोखंडी जाळी ओढून निनावी सरदार म्हणून मैदानात उतरतो. राजा काळ्या चिलखतात, रॉबिन हूड लॉक्सली या नावाने. विदूषकसुद्धा एकदा साधूचा झगा चढवून किल्ल्यात शिरतो. लेखकही त्यातलाच. स्कॉटने १८१४ पासून कादंबऱ्या निनावी छापल्या, ही तर लॉरेन्स टेम्पलटन या बनावट नावावर घातली, आणि १८२७ मध्ये एडिंबरोच्या एका मेजवानीत आपणच त्या लिहिल्याचे जाहीर केले. लपण्याची मौज त्याला आतून माहीत होती.

पण हे सारे लपणारे कोण आहेत, हे पाहावे. सरदार, राजा, बंडखोर. यांचे लपणे हौसेचे किंवा सोयीचे. झगा उतरवला की खाली मान, जमीन, सिंहासन तयार. कादंबरीतला म्हातारा यहुदी आयझॅक, आपल्या भाषेत इसहाक, याला ही सोय नाही. वादळी रात्री तो त्या घरात शिरतो तेव्हा त्याच्या पिवळ्या टोपीवरूनच सगळे ओळखतात आणि कोणी सरकून जागा देत नाही. जागा देतो तो यात्रेकरू. पहाटे तोच त्याला उठवून सांगतो की तुला वाटेत पकडण्याचा बेत ठरला आहे, आणि त्याला सुखरूप बाहेर काढतो.

याच ठिकाणी स्कॉटने जे केले आहे ते आम्हांला सर्व कादंबरीत अधिक मोलाचे वाटते. यात्रेकरू बिछान्यावर वाकला तेव्हा झग्याआड सरदाराची साखळी आणि सोन्याच्या टाचा चमकल्या, त्या आयझॅकने टिपल्या. जन्मदात्या बापाला जे दिसले नाही ते या घाबरट म्हाताऱ्याला दिसले. ज्याला रोज जीव वाचवायचा असतो तो समोरच्याच्या झग्याखाली काय आहे ते पाहूनच असतो. स्कॉट हे असे समजावून सांगत नाही, नुसते घडवतो.

मग उपकार फेडण्यासाठी आयझॅक हिब्रू अक्षरांत एक चिठ्ठी लिहून देतो आणि सांगतो, लेस्टर शहरात किर्जाथ जैराम नावाचा श्रीमंत यहुदी सर्वांना ठाऊक आहे, तो तुला घोडा आणि चिलखत देईल. (जैराम ऐकून मराठी वाचकाने दचकू नये, हे आपले जयराम नव्हेत.) ज्या चिलखतात लपून नायक नाव मिळवतो ते चिलखत असे हिब्रू चिठ्ठीवर आलेले आहे. हा जैराम कादंबरीत एकदाही समोर येत नाही.

इतिहासात त्याच्या भाईबंदांचे काय झाले? कथेच्या काळानंतर ४० वर्षे होण्याआधीच, १२३१ मध्ये, सायमन द मॉन्टफर्टने सनद काढली की जगाच्या अंतापर्यंत लेस्टरात यहुदी राहू नये. लोक पूर्वेच्या उपनगरात त्याच्या आजेचुलतीच्या जमिनीवर गेले. १२९० मध्ये तर साऱ्या इंग्लंडमधूनच घालवले गेले. आज त्याच मॉन्टफर्टचा पुतळा लेस्टरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर उभा आहे, विद्यापीठालाही त्याचे नाव आहे. नगरपालिकेने त्या सनदेचा अधिकृत निषेध केला तो २००१ मध्ये. हायफील्ड स्ट्रीटवरचे सिनेगॉग मात्र १८९८ पासून आहे. जगाचा अंत काही झाला नाही.

आता रिबेका. ॲशबीला आयव्हॅन्होचा नोकर घोड्याचे आणि चिलखताचे ८० नाणी भाडे आणून देतो, आयझॅक ती मोजून घेतो. रिबेका बापाच्या नकळत नोकराला गाठते आणि १०० नाण्यांची थैली हाती देते: ८० धन्याला परत, २० तुला. आपण याला मत्तान बसेतेर म्हणतो, मराठीत गुप्तदान. या कादंबरीतले यहुदी लपवतात ते पैसा, आणि तोही एकदा असा देण्यासाठी. आयझॅकच्या पैशाच्या हावेची स्कॉटने जी थट्टा केली आहे ती आज वाचवत नाही. पण या एका प्रसंगाने तिचे बरेचसे माप भरून निघते.

पुढे जखमी आयव्हॅन्होची शुश्रूषा रिबेका करते. शुद्धीवर येताच तो तिला कोणी थोर कुळातली समजून आदराने बोलू लागतो. ती गप्प राहिली असती तर? एस्तेर गप्प राहिली होती, आणि तेच योग्य होते, कारण वेळ यायची होती. रिबेका तिथल्या तिथे सांगून टाकते की मी यहुदी, आयझॅकची मुलगी. त्याच्या नजरेतला आदर थंड सौजन्यात बदलतो, हे ती पाहते आणि मनात उसासा टाकते. कोकणात आपल्या वाडवडिलांना लोक शनिवार तेली म्हणत. पुष्कळ विसरले गेले असेल, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून कोण ते लपले नाही. रिबेका आपल्याला परकी वाटत नाही ती यामुळे.

स्कॉटचे सगळेच डाव साधले आहेत असे नाही. मेलेला म्हणून ज्याचा शोक चालू आहे तो ॲथेलस्टेन अचानक जिवंत उभा राहतो, ते हास्यास्पदच आहे. त्याला मारल्याने छापखानेवाला मित्र फार हळहळला, म्हणून उठवला, अशी कबुली स्कॉटनेच एका टिपेत दिली आहे. आग्रहाखातर उघडलेल्या रहस्याला चव नसते.

शेवटच्या प्रकरणात मात्र त्याचा हात पुन्हा सापडतो. रिबेका देश सोडून बापाबरोबर ग्रॅनडाला निघाली आहे. ती आयव्हॅन्होच्या नवविवाहित बायकोला, रोवेनाला, एकटी भेटायला येते आणि बुरखा वर करायला सांगते. तीही रिबेकाला तेच सांगते. दोघी एकमेकींकडे पाहतात. रोवेना म्हणते, इथेच राहा, आमचा धर्म घे. रिबेकाचे उत्तर अशा आशयाचे आहे की हवा मानवेना म्हणून कपडा बदलावा तसा पूर्वजांचा धर्म बदलता येत नाही. ज्या पुस्तकात जो तो कपडे बदलतो त्यात हे उत्तर! दागिन्यांची पेटी देऊन ती निघून जाते. मनात काय होते ते ती उघड करीत नाही. वाचकाला माहीत आहे, रोवेनाला थोडेसे उमगले आहे. इथे स्कॉट योसेफाच्या कथाकारांच्या पंगतीला बसतो. फरक एवढाच की योसेफ शेवटी खोली रिकामी करून सांगतो, ही सांगत नाही.

पुष्कळ वाचकांना हे सोसवले नाही. थॅकरेने १८५० मध्ये उत्तरकथा लिहून रिबेकाला ख्रिस्ती केले आणि नायकाशी तिचे लग्न लावले. विनोदाने लिहिले असले तरी आम्हांला ते आवडत नाही. जे तिने राखून ठेवले तेच त्याने बाजारात मांडले.

पुस्तक ४४ प्रकरणांचे, अक्षर बहुधा बारीक. ज्यांना एवढे झेपत नसेल त्यांनी नातवंडांकडून पाच, सहा, दहा, अठ्ठावीस आणि चव्वेचाळीस ही प्रकरणे वाचून घ्यावीत. लेस्टरची चिठ्ठी सहाव्यात आहे.