आयेशेचे पुनरागमन : पुनर्जन्म, ओळख आणि अद्भुत कादंबरी

बाणभट्टाच्या नायिकेचे नाव मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकारास दिले. ही गोष्ट आपण इतक्या सहजपणे स्वीकारली आहे की, ज्या ग्रंथावरून हे नाव आले त्याचा मुख्य विषय पुनर्जन्म हा आहे, याचे स्मरण कादंबरीची चर्चा करताना फारसे कोणास होत नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या काळापासून अद्भुताचा आणि आपल्या कादंबरीचा जो संबंध जडला, त्याची चिकित्सा बहुधा वास्तवाच्या बाजूने झाली. अद्भुत म्हणजे बाल्यावस्था व वास्तव म्हणजे प्रौढत्व, असा एक सोयीस्कर क्रम अभ्यासकांनी मनाशी धरला. राजवाड्यांनी आपल्या ‘कादंबरी’ या निबंधात (१९०२) या प्रश्नाला बरेच व्यापक रूप दिले होते. पण पुढे तो धागा तसाच राहिला. अद्भुत कथेतील पुनर्जन्म हा केवळ चमत्कार असतो, की त्यास काही नैतिक अर्थ असतो, हा प्रश्न त्यामुळे पुरेसा विचारला गेला नाही. प्रस्तुत लेखात तो एका परकीय उदाहरणाच्या आधाराने विचारावयाचा आहे.

हे उदाहरण म्हणजे हेन्री रायडर हॅगर्ड (१८५६–१९२५) या इंग्रज कादंबरीकाराची आयेशा. हॅगर्डचे नाव आपल्या विभागाच्या अभ्यासक्रमात कधी येईल असे वाटत नाही. आगगाडीच्या प्रवासात वाचून टाकावयाचा लेखक, अशीच त्याची ख्याती. तथापि फ्रॉइडने ‘स्वप्नमीमांसा’ या ग्रंथात (१९००) स्वतःच्या एका स्वप्नाचे विश्लेषण करताना ज्या कादंबरीचा आधार घेतला, आणि युंगला आपली ‘अॅनिमा’ ही कल्पना समजावून सांगताना जी वारंवार उपयोगी पडली, ती कादंबरी निव्वळ करमणुकीची म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. ‘शी’ ही कादंबरी १८८६-८७ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात क्रमशः येऊन १८८७ साली ग्रंथरूपाने निघाली. तिचा उत्तरार्ध ‘आयेशा’ १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे लेखकाने या नायिकेवर आणखी दोन कादंबऱ्या रचल्या; त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही, कारण त्यांत आयेशेच्या चरित्राचा विस्तार आहे, नवा प्रश्न नाही.

कथानक थोडक्यात असे. केंब्रिज येथील कुरूप, विद्वान व स्त्रीसंगापासून दूर राहिलेला हॉली हा निवेदक. त्याचा मानसपुत्र लिओ व्हिन्सी हा विलक्षण देखणा तरुण. पंचविसाव्या वाढदिवशी लिओला वाडवडिलांकडून आलेली एक पेटी उघडावयास मिळते. तिच्यात एका मृत्पात्राचा तुकडा असून त्यावर ग्रीक लिपीत एका इजिप्शियन राजकन्येचे, आमेनार्तासचे, लेखन आहे. तिचा पती कॅलिक्रातीस याने आफ्रिकेच्या अंतर्भागातील एका गौरवर्णी मायाविनीच्या प्रेमाचा अव्हेर केला, म्हणून तिने त्यास ठार मारले. माझ्या वंशातील कोणी तरी तिचा सूड घ्यावा, असा त्या लेखाचा आशय. हॉली आणि लिओ आफ्रिकेत कोर या उद्ध्वस्त नगरीपर्यंत पोहोचतात. तेथे ती मायाविनी, आयेशा, दोन हजार वर्षांपासून जिवंत आहे. प्राणाग्नीत स्नान केल्यामुळे तिला मरण नाही, आणि लिओच्या रूपाने कॅलिक्रातीसच परत आला, अशी तिची खात्री पटते.

येथे हॅगर्डने नकळत एक मोठी गुंतागुंत निर्माण केली आहे. लिओ हा कॅलिक्रातीसचा वंशज आहे आणि स्वतः कॅलिक्रातीसही आहे. म्हणजे तो आपलाच पूर्वज ठरतो. ज्याचा वध झाला तो, आणि त्या वधाचा सूड घेण्यासाठी ज्यास पाठविले तो, एकाच देहात आहेत; आणि हा द्विगुणित मनुष्य वधकर्त्रीच्या प्रेमात पडतो! वंशपरंपरा व पुनर्जन्म ही स्मरण टिकविण्याची दोन साधने. पहिले रक्ताने टिकविते, दुसरे आत्म्याने. या कादंबरीत दोन्ही एकत्र येतात, पण दोन्ही निष्फळ होतात, कारण लिओला काहीच आठवत नाही. आठवते ते आयेशेला, कारण ती मेलेलीच नाही. पहिल्या कादंबरीपुरते पाहिले तर पुनर्जन्म पुरुषाचा आहे. स्त्रीच्या वाट्यास केवळ प्रतीक्षा आली आहे.

बाणाच्या वाचकास हे चित्र तत्काळ ओळखीचे वाटेल. अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता तपश्चर्या करीत बसली आहे. पुंडरीक व चंद्रापीड एकेक जन्म घेऊन परत येत आहेत. तेथेही जन्म पालटतात ते पुरुषांचे. हॅगर्डने ‘कादंबरी’ वाचली होती असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. त्यास आधार नाही, आणि साम्य दिसले की प्रभाव शोधावयास निघणे ही आपल्या तौलनिक अभ्यासाची जुनी खोड आहे. माझे म्हणणे एवढेच की, दोन्ही कथांची रचना शेजारी ठेवली असता एकीचा अर्थ दुसरीमुळे स्पष्ट होतो.

भेद पडतो तो ओळखीच्या प्रश्नावर. पुंडरीक दुसऱ्या जन्मी मंत्रिपुत्र वैशंपायन होऊन महाश्वेतेसमोर येतो. पूर्वजन्मीची ओढ त्याच्यात शिल्लक आहे, पण चेहरा निराळा आहे. तिला तो कोणी उद्दाम परपुरुष वाटतो आणि ती त्यास पोपट होण्याचा शाप देते. जिची ती वाट पाहत होती त्याच व्यक्तीचा तिने घात केला. ‘कादंबरी’तील सर्वांत दारुण क्षण मला हाच वाटतो. तो मुलाने, भूषणभट्टाने, रचलेल्या उत्तरभागात असल्यामुळे बाणाच्या भाषासौंदर्यावर लुब्ध असलेल्या टीकाकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, इतकेच. महाश्वेतेजवळही अलौकिक शक्ती आहे. तिचे सत्य हीच ती शक्ती. आणि ती शक्ती तिला आंधळी करते. उलट आयेशा लिओला पाहताक्षणी ओळखते, कारण तो कॅलिक्रातीसची हुबेहूब प्रतिकृती आहे. हॅगर्डच्या सृष्टीत आत्मा चेहरा बरोबर घेऊन येतो. त्यामुळे ओळख हा तेथे ज्ञानाचा प्रश्नच राहत नाही. तो केवळ दृष्टीचा विषय होतो. एवढ्यापुरती ‘शी’ ही ‘कादंबरी’हून फार उथळ कृती आहे, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

पण देहाविषयीचा एक प्रसंग मात्र असा आहे की, तेथे हॅगर्ड कोणत्याही मोठ्या लेखकाच्या बरोबरीने उभा राहतो. आयेशेने कॅलिक्रातीसचे प्रेत दोन हजार वर्षे जतन केले आहे व ती रात्री त्या प्रेताशेजारी निजते. लिओ आल्यावर ती त्यास हे प्रेत दाखविते, आणि आता याचे काम उरले नाही म्हणून त्यावर दाहक द्रव ओतून त्याचा नाश करते. चंद्रापीडाचा देहही अविकृत राहतो व कादंबरी त्याची शुश्रूषा करीत बसते. पण शेवटी शूद्रकाचा प्राण त्याच जुन्या देहात परततो, आणि तोही कादंबरीने त्यास मिठी मारताच. तेथे देह हा आशेचे पात्र आहे. येथे तो पुरावा आहे, आणि पुरावा नष्ट केला जातो. मृत पूर्वजन्मासमोर जिवंत वर्तमान उभा असता लिओला जी शिसारी येते, तिचे वर्णन संयमित आहे. हॅगर्डसारख्या अतिशयोक्तीच्या लेखकाकडून ही अपेक्षा नव्हती.

पहिल्या कादंबरीच्या अखेरीस आयेशा लिओला धीर यावा म्हणून पुन्हा एकदा अग्नीत शिरते आणि त्याच अग्नीने क्षणार्धात सुरकुतून माकडाएवढी होऊन मरते. मात्र आपण परत येऊ, असे वचन ती देऊन जाते. ‘आयेशा’ ही त्या वचनाची कथा. आता स्थळ मध्य आशिया. अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर हॉली आणि लिओ बर्फाळ पर्वतातील एका बौद्ध मठात पोहोचतात. तेथील वृद्ध मठाधिपती कू-एन हे पात्र, माझ्या मते, या मालिकेतील सर्वांत जिवंत पात्र होय. पूर्वीच्या एका जन्मी आपण भिक्षू असताना एका स्त्रीच्या दर्शनाने विचलित झालो, हे त्यास आठवते, आणि या आठवणीचे त्यास अद्यापि भय वाटते. पुनर्जन्म म्हणजे बंधन, त्यातून सुटावयाचे असते, हे तो सांगतो. आणि समोर बसलेले दोन इंग्रज पुनर्जन्म मिळावा म्हणून हिमालयापलीकडे आले आहेत! एकाच कल्पनेचे हे दोन विरुद्ध अर्थ हॅगर्डने विनोदाच्या अंगाने समोरासमोर आणले आहेत. वाईट एवढेच की, मठ मागे पडताच तो प्रश्नही मागे पडतो.

पुढे अग्निपर्वतावर ‘हेसेआ’ नावाची आच्छादित पुरोहिता भेटते. ही आयेशाच, पण ती पुन्हा जन्मलेली नाही. तिच्या निवेदनावरून पाहता ती वृद्ध पुरोहितेच्या देहात वावरत आहे. आपल्या परिभाषेत यास पुनर्जन्म न म्हणता परकायाप्रवेश म्हणावे लागेल. हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. पुनर्जन्मात जीव आपल्या कर्माचे फळ म्हणून देह मिळवितो. परकायाप्रवेशात तो सामर्थ्याच्या बळावर देह हस्तगत करतो. आयेशेने कॅलिक्रातीसला मारले, उस्तानेला मारले. तिला जन्म घ्यावा लागला असता तर तिला काही भोगावे लागले असते. लेखकाने तिच्यासाठी जो मार्ग निवडला त्यात भोग टळतो, सामर्थ्य उरते.

तरीही याच भागात हॅगर्ड पहिल्या कादंबरीतील उणिवेची भरपाई करतो. आमेनार्तासचाच पुनर्जन्म असलेली आतेने ही राणी आणि आयेशा यांच्यामध्ये लिओने निवड करावयाची असते. आयेशा आवरण काढते तेव्हा समोर दिसते ती एक जख्ख, विद्रूप म्हातारी. चेहऱ्याची साक्ष आता उरली नाही. लिओ तिच्या कपाळाचे चुंबन घेऊन तिला वरतो. महाश्वेतेला जे जमले नाही ते लिओला जमते, असे क्षणभर वाटते. पण लगेच ती पूर्वीसारखी सुंदर होते आणि लेखक परीक्षेचे मोल स्वतःच कमी करतो. कुरूप आयेशेबरोबर लिओने एक वर्ष काढले असते तर ही कादंबरी काय झाली असती, हा विचार वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. अखेरीस लिओच्या आग्रहास्तव ती त्यास पत्नीप्रमाणे जवळ घेते आणि तिच्या स्पर्शाच्या तेजाने तो गतप्राण होतो. कादंबरीच्या मिठीने चंद्रापीड उठला. आयेशेच्या मिठीने लिओ पडला. स्त्रीच्या शक्तीविषयी दोन संस्कृतींचे सिद्धान्त यावरून काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. भारतीय कथांतही विषकन्या आहेत.

आता इतिहासाविषयी. हॅगर्ड १८७५ मध्ये नाताळ येथे गेला व १८७७ मध्ये ट्रान्सव्हाल खालसा करताना प्रिटोरिया येथे ध्वज उभारण्याच्या प्रसंगी त्याचा प्रत्यक्ष हात होता. त्याच्या कोर नगरीचे निर्माते आफ्रिकी नाहीत. ते कोणी प्राचीन, लुप्त लोक आहेत, आणि सांप्रतचे रहिवासी, ‘अमाहॅगर’, त्यांच्या थडग्यांतून राहतात. महान झिंबाब्वेच्या दगडी अवशेषांविषयी त्या काळी युरोपियन लोक जे बोलत, त्याचाच हा कादंबरीमय अनुवाद होय. ‘आयेशा’ प्रसिद्ध झाली त्याच १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर याने तेथे उत्खनन केले आणि ते अवशेष मध्ययुगीन व आफ्रिकी लोकांचेच असल्याचा निष्कर्ष पुढील वर्षी मांडला. १९२९ मधील गर्ट्रूड केटन-थॉम्पसन हिच्या उत्खननाने त्यास दुजोरा मिळाला. कल्पित इतिहासाचा पाया असा ढासळला, कथा मात्र वाचली जात राहिली.

लोवेडू लोकांच्या पर्जन्यराणीवरून, मोजाजीवरून, आयेशेची कल्पना सुचली असे पुष्कळदा म्हटले जाते. क्रीग दांपत्याने १९४३ मध्ये या राज्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून दिसते ते अधिक मनोरंजक आहे. मोजाजी हे एका पदाचे नाव. एक राणी जाते, दुसरी तेच नाव धारण करते. अमरत्व येथे व्यक्तीचे नसून संस्थेचे आहे. ते एका देहात कोंडून दोन हजार वर्षे जगविणे, ही गोऱ्या कादंबरीकाराची भर.

आणि त्या अमरत्वात वाटा कोणाला मिळतो, हेही पाहावयास हवे. कॅलिक्रातीस परत येतो, आमेनार्तास परत येते, आयेशा परत येते. प्रत्येक जण आपल्या वर्णासह, रूपासह व अधिकारासह. बाणाच्या कथेत ब्राह्मणपुत्राला पोपट व्हावे लागते. चांडालकन्या शेवटी लक्ष्मी निघते, ही त्या कथेची मर्यादा मान्य केली, तरी जन्मागणिक खाली उतरण्याचा धोका तेथे खरा आहे. हॅगर्डच्या जगात कोणी खाली उतरत नाही, आणि उस्ताने तर परतच येत नाही. अमाहॅगर स्त्रियांच्या रिवाजाप्रमाणे तिने चारचौघांत लिओचे चुंबन घेऊन त्यास वरले, तापात त्याची सेवा केली, स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यास वाचविले, आणि आयेशेच्या सर्व सामर्थ्यासमोर त्यास सोडण्याचे नाकारले. तिचा देह तेथेच पडलेला असता लिओ आयेशेच्या स्वाधीन होतो. दुसऱ्या कादंबरीत पूर्वपत्नी म्हणून हक्क सांगावयास येते ती इजिप्तची राजकन्या. उस्तानेसाठी मध्य आशियात, किंवा अन्यत्र कोठेही, जन्म राखून ठेवलेला नाही. आणि आपल्या स्मरणशक्तीचा अभिमान वाहणाऱ्या आयेशेला तिचे नावही क्वचितच आठवते.