रोमँ गारी आणि एमिल अजार : नाव, चरित्र आणि समीक्षा

लेखकाचा अभ्यास ‘जीवन व साहित्य’ या जोडशीर्षकाखाली करण्याची रीत आपल्या अभ्यासक्रमांत व प्रबंधांत रूढ आहे. आधी जन्म, शिक्षण, नोकरी; त्यानंतर ग्रंथसंपदा आणि पुरस्कार. लेखकाचा माणूस म्हणून परिचय हाताशी असला की त्याच्या लेखनाचे वाचन अधिक अचूक होते, असे गृहीत या रीतीमागे असते. फ्रेंच कादंबरीकार रोमँ गारी (१९१४-१९८०) यांच्या बाबतीत या गृहीताचे काय झाले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

गारी यांचे मूळ नाव रोमान कात्सेव्ह. तत्कालीन रशियन साम्राज्यातील विल्ना, म्हणजे आजच्या लिथुएनियातील विल्नियस, येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील कुटुंब सोडून गेले. आई मीना हिने मुलाला एकटीने वाढविले आणि वॉर्सातील काही वर्षांच्या वास्तव्यानंतर १९२८ मध्ये ती त्याला घेऊन फ्रान्समधील नीस येथे आली. १९३५ मध्ये त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ते जनरल द गोल यांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या विमानदलात लढले आणि युद्धानंतर परराष्ट्रसेवेत शिरले. फ्रेंच ही त्यांची मातृभाषा नव्हती, ही गोष्ट त्यांच्या समीक्षकांना कधी विसरता आली नाही. आफ्रिकेतील हत्ती वाचविण्यासाठी धडपडणाऱ्या मोरेलची कथा सांगणाऱ्या ‘ले रासिन द्यु सिएल’ (आकाशाची मुळे) या कादंबरीस १९५६ चे गाँकूर पारितोषिक मिळाले, तेव्हाही काहींनी तिच्या भाषेतील दोषच मोजले.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ला प्रोमेस द लोब’ (पहाटेचे वचन) हे पुस्तक गारींचे आत्मचरित्र म्हणून वाचले जाते. मुलगा मोठा लेखक होणार, फ्रान्सचा राजदूत होणार, असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठणकावून सांगणारी आई त्यात आहे. कोवळ्या वयाचा मुलगा वहीत भावी टोपणनावांच्या याद्या करतो आणि आई त्या तपासते, हा प्रसंग वाचताना हसू येते; पुढील आयुष्य ठाऊक असल्यास ते हसू टिकत नाही. युद्धकाळात आईची पत्रे येत राहतात आणि तिने मृत्यूपूर्वीच ती लिहून ठेवली होती, हे मुलाला शेवटी कळते. हा प्रसंग चरित्रकारांनी कल्पित ठरविला आहे. म्हणजे ज्या पुस्तकाच्या आधारे आपण गारींचे ‘जीवन’ सांगतो, त्याचा हृदयस्थानी असलेला प्रसंगच कादंबरीकाराची निर्मिती आहे. याला खोटेपणा म्हणणे मला घाईचे वाटते. जिवंत नसलेल्या व्यक्तीचा आवाज चालू ठेवणे ही त्यांच्या लेखनामागील मूळ प्रेरणाच होती, असे म्हणण्यास जागा आहे.

१९७० च्या दशकात गारींवर ‘जुन्या पिढीचा, संपलेला लेखक’ असा शिक्का बसला होता. अशा वेळी १९७४ मध्ये एमिल अजार या अपरिचित लेखकाची ‘ग्रो-कालँ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पॅरिसमध्ये अजगर पाळणाऱ्या एका एकाकी सांख्यिकी कर्मचाऱ्याचे हे निवेदन होते. पुढच्याच वर्षी ‘ला व्ही दव्हाँ स्वा’ (पुढे उभे आयुष्य) आली आणि तिला गाँकूर मिळाले. एका लेखकाला एकदाच, हा या पारितोषिकाचा नियम. अजारच्या नावे ते नाकारण्यात आले, पण अकादमीने निर्णय बदलला नाही. गारींच्या नात्यातील पॉल पाव्हलोविच अजार म्हणून वावरू लागले. अजार म्हणजे मुळात केनो किंवा आरागाँ असावेत, अशाही अटकळी झाल्या. गारींचे नाव सुचविणाऱ्यांना मात्र ‘ते त्यांच्या आवाक्यातले नव्हे’ असे उत्तर मिळे. टोपणनाव हा शब्द येथे अपुरा पडतो. टोपणनावामागचा माणूस बहुधा सर्वांना ठाऊक असतो. येथे एक स्वतंत्र लेखकच घडविला गेला होता. तरी खूण उघडी होती. रशियन भाषेत ‘गारी’ म्हणजे ‘जळ’ आणि ‘अजार’ म्हणजे निखारे.

हा प्रकार सामान्यतः साहित्यक्षेत्रातील गंमत म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्यातील खरा मुद्दा वेगळा आहे. समीक्षकांना गारी ओळखता आले नाहीत, कारण त्यांनी गारींचे आधीचे लेखन लक्षपूर्वक वाचलेच नव्हते. ‘शियाँ ब्लाँ’ (पांढरा कुत्रा) या गारींच्या पुस्तकात अजगर आधीच येऊन गेला होता. त्याहून महत्त्वाची साक्ष १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘ल ग्राँ व्हेस्तियेर’ या कादंबरीची आहे. युद्धात पोरका झालेला मुलगा निवेदक आहे आणि त्याला आसरा देणारा वृद्ध व्हान्देरपुत हा युद्धकाळात विश्वासघात केलेला माणूस आहे. शेवटी मुलगा त्या वृद्धाला गोळी घालतो. अजारच्या कादंबरीत हीच जोडी पुन्हा भेटते. बेलव्हिल भागातील सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आउश्वित्झमधून वाचलेली माजी वेश्या मादाम रोझा वेश्यांची मुले सांभाळते. मोमो हा त्यांतला एक अरब मुलगा. रोझा मरते तेव्हा तळघरात तिच्या शवाजवळ तो राहतो, तिचा चेहरा रंगवीत, अत्तर ओतीत. पहिल्या कादंबरीतला मुलगा वृद्धाला मारून मोठ्यांच्या जगात प्रवेश मिळवितो. दुसऱ्यातला तो प्रवेशच नाकारतो. या दोन शेवटांच्या मध्ये सुमारे पंचवीस वर्षांचे चिंतन आहे. नावे झाकून ही दोन पुस्तके शेजारी ठेवली असती, तर हा धागा सापडणे अवघड नव्हते.

अर्थात समीक्षकांची बाजूही ऐकावयास हवी. अजारची भाषा खरोखरच निराळी आहे. मोमो मोठ्यांचे शब्द चुकीच्या जागी वापरतो आणि त्या चुकीतूनच नेमके सत्य बाहेर पडते. पोरका, पोरका म्हणून हिणवलेल्या भाषेला येथे प्रथमच पूर्ण मोकळीक मिळाली. आणि ज्या वाकड्या फ्रेंचबद्दल गारींना टोचले जात होते, तिचेच अजारच्या बाबतीत कौतुक झाले. नावीन्य ओळखण्यात समीक्षक चुकले नाहीत. ते कोठून आले, हे त्यांना दिसले नाही. उलट बाजूने, १९८१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या खुलाशात गारी स्वतःच्या हेतूंविषयी जे सांगतात, तेही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आईच्या पत्रांची कथा रचणाऱ्याने स्वतःची शेवटची कथा अगदी निरलंकृत ठेवली असेल, असे मानण्यास आधार नाही.

त्या खुलाशात एक छोटी आठवण आहे. एका तरुण पत्रकार स्त्रीला दोन्ही लेखकांतील साम्य जाणवले होते. गारींनी तिला सांगितले की अजारवर आपला प्रभाव आहे खरा, पण तो तरुण असल्यामुळे आपण तक्रार करणार नाही. २ डिसेंबर १९८० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले, तेव्हाही अजार वेगळाच मानला जात होता. २०१९ मध्ये ‘प्लेइयाद’ या प्रतिष्ठेच्या ग्रंथमालेत गारींच्या लेखनाचे दोन खंड निघाले. त्यांत अजारच्या कादंबऱ्या गारी या नावाखालीच छापल्या आहेत.