वृत्तपत्राची पृष्ठमांडणी

बातम्या, मथळे, छायाचित्रे व जाहिराती यांची पृष्ठावरील वाचनसुलभ व अर्थवाही योजना. समतोल, प्रमाण, विरोध व एकसूत्रता ही तिची मूलतत्त्वे होत. मराठीतील पहिले वृत्तपत्र दर्पण (१८३२) मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापी. साध्या विभागणीने दोन्ही वाचकवर्गांची सोय होई.

देवनागरीत मात्रा, वेलांट्या व रफार शिरोरेखेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. त्यामुळे रोमन लिपीपेक्षा ओळींत अधिक अंतर लागते. जागेच्या बचतीसाठी ते घटविल्यास मजकूर गिचमिड होतो. स्तंभ फार अरुंद केल्यास लांब शब्द तुटतात किंवा शब्दांमध्ये पोकळ्या पडतात.

मांडणीची खरी कसोटी जिल्हापृष्ठावर लागते. भंडारा जिल्ह्याच्या पृष्ठावर सत्कार, निवडी, सभा, वाढदिवसाच्या शुभेच्छा व धानखरेदीची मुदत ही सारी एकाच आकाराच्या मथळ्यांनी व चौकटींनी मांडली, तर काहीच ठळक राहत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडारा शहर व नदीकाठची गावे वेढली गेली. अशा वेळी पाणीपातळीचा इशारा तळाच्या एका स्तंभात आणि सत्काराचे छायाचित्र शिरोभागी असेल, तर ते पृष्ठ कितीही सुबक असले, तरी सदोषच ठरते. विरोधाचे तत्त्व शोभेसाठी नसून महत्त्वाचा क्रम दाखविण्यासाठी आहे. हा क्रम ठरविणे हे मूलतः संपादकीय कार्य असून मांडणी त्याला केवळ दृश्य रूप देते.